मॅकार्थी वाचायचेत, पण सुरुवात कुठून?

अमेरिकन कादंबरीकार कॉरमॅक मॅकार्थी जून २०२३ मध्ये गेले. तेव्हापासून माझ्याकडे प्रश्न एकच येतो, फक्त विचारणारे बदलतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मित्र म्हणतात, दम असेल तर थेट ‘ब्लड मेरिडियन’ वाच. वाचू का?

पहिलं पुस्तक म्हणून नको. हा सल्ला देणाऱ्या कितीतरी जणांना मी विचारलंय, शेवटपर्यंत वाचलंत का? उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. ‘सर्वांत हिंस्र कादंबरी’ असं कुठल्याशा यादीत पाहिलेलं असतं, तेवढंच. पुस्तक विकायला ही ओळ सोयीची आहे, वाचकाला तिचा काडीचा उपयोग नाही.

१८४९-५० च्या सुमारास मेक्सिकोतल्या चिवावा राज्याचं सरकार अपाची आदिवासींच्या टाळूच्या कातडीला, केसांसकट, पैसे मोजत होतं. हे पैसे कमावणारी, कादंबरीतली ग्लँटनची टोळी खरोखर होती. केसांवरून माणूस कुठल्या जमातीचा हे ओळखता येत नाही, म्हणून टोळी आधी शांत वस्त्या आणि मग मेक्सिकन गावकरीही कापते. पुस्तकातला अंधार आहे तो या दरपत्रकात. टोळीतला होल्डन नावाचा जज जुन्या स्पॅनिश चिलखताचा एक तुकडा वहीत हुबेहूब रेखाटतो आणि मग तो तुकडाच आगीत फेकतो. मला कत्तलींपेक्षा हा प्रसंग जास्त हादरवतो. पण तो दिसायला मॅकार्थींच्या ‘आणि… आणि…’ करत लांबणाऱ्या वाक्याची कानाला सवय हवी. ती नसेल तर पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटतं आणि ‘लेखक रक्तपिपासू आहे’ एवढंच मनात राहतं. चांगले वाचक असे कायमचे दुरावलेले मी पाहिलेत. आधी दुसऱ्या दोन कादंबऱ्या वाचा, मग इकडे या.

‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ चित्रपट पाहिलाय. पुस्तक वाचायला हवं?

हो. शेरीफ बेलची स्वगतं चित्रपटात थोडीच आली आहेत.

मॅकार्थींच्या अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या तीन कादंबऱ्या कुठल्याही क्रमाने चालतील?

नाही. ‘ऑल द प्रिटी हॉर्सेस’ (१९९२), ‘द क्रॉसिंग’ (१९९४), ‘सिटीज ऑफ द प्लेन’ (१९९८), याच क्रमाने.

‘द रोड’ फुटपाथवर दीडशेला मिळालं. संवादांना अवतरणचिन्हंच नाहीत. छपाईची चूक?

चिन्हं मॅकार्थी देतच नाहीत. तरी प्रत तपासा. त्यांच्याकडे बोलणारा बदलला हे मुख्यतः नव्या ओळीवरून कळतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या नकली प्रतीत ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या. बापाचा प्रश्न आणि मुलाचं उत्तर एकाच ओळीत. दोन दिवस तो समजत होता, पोरगा स्वतःशीच बोलतोय. ग्रंथालयात जा, तिथली प्रत शेजारी ठेवून चार पानं ताडून पाहा. शंका राहिली तर ग्रंथपालांना विचारा.

इंग्रजी सुधारलं की वाचेन म्हणतो. पुस्तक दोन वर्षं कपाटात आहे.

‘द रोड’ असेल तर आज रात्रीच काढा. वाक्यं आखूड आहेत. न वाचता इंग्रजी कसं सुधारणार?

चार महिन्यांपूर्वी वडील गेले. सगळे ‘द रोड’नेच सुरुवात करायला सांगतात.

इतरांना मीही तेच सांगतो. तुम्ही थांबा. राख झालेल्या जगात एक बाप आणि लहान मुलगा दक्षिणेकडे चालत निघालेत, बापाला खोकला आहे. एका यंत्रात त्यांना कोकाकोलाचा एकच डबा सापडतो. बाप तो मुलाला देतो. मुलगा म्हणतो, तुम्हीही घ्या. असं पुन्हा कधी मिळणार नाही, हे त्या पोराला कळलेलं असतं. हे पान आत्ता तुम्हाला झेपेल का, ते मी इथून सांगू शकत नाही. पुस्तक वाचलेल्या जवळच्या माणसाशी आधी बोला. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर पुस्तकाचं राहू द्या आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. ‘ऑल द प्रिटी हॉर्सेस’सुद्धा आजोबांच्या मृत्यूनेच सुरू होतं, पण पुढे घोडे आहेत, मोकळं माळरान आहे. तेही घरच्यांना विचारूनच हातात घ्या.