2070 सालची आजी नऊवारी नेसणार नाही

प्रश्न : ताई, मी श्रीवर्धनकडचा. हवामानबदलावर, 2070 सालच्या कोकणात घडणारी कादंबरी लिहितोय. सुरुवातीलाच त्सुनामी येते, आख्खं गाव बुडतं आणि वाचलेली माणसं डोंगरावर जाऊन राहतात. आजी नातवाला जुन्या पावसाच्या गोष्टी सांगते असंही एक प्रकरण आहे. मित्र म्हणतो ही विज्ञानकथा झाली, साहित्य नाही. त्याचं बरोबर आहे का? आणि हवामानाची माहिती किती घालू?

उत्तर : मित्राचं आधी बाजूला ठेवा, त्सुनामीचं बघू. त्सुनामी येते ती बहुतेक वेळा समुद्राखालच्या भूकंपाने, 2004 ची आली ती सुमात्राजवळच्या भूकंपामुळे, त्यात हवामानबदलाचा काय संबंध? म्हणजे कादंबरीचा पायाच चुकीच्या जागी पडलाय. समुद्र वर येतो तो फार हळू. 1901 ते 2018 एवढ्या काळात जगाची सरासरी पातळी साधारण 20 सेंटीमीटर वाढली, आणि 2100 पर्यंतचा अंदाज आपण किती धूर सोडतो त्यावर साधारण 28 सेंटीमीटर ते एक मीटर असा आहे. आता म्हणाल यात कसलं नाट्य, तर सगळं नाट्य यातच आहे हो.

तुमच्याच जिल्ह्यात बघा ना, पेण-अलिबागकडे खारभूमीचे बांध आहेत, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते, खारं पाणी भातात शिरतं, वेळेत दुरुस्ती झाली नाही की दोन-चार वर्षांत तिथं कांदळवन उगवतं, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी. म्हणजे सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर चिखल आणि झाडं, आणि दोन भाऊ त्या जमिनीच्या वाटणीवरून अजून भांडतायत! हे तर आजच चालू आहे. हेच 2070 मध्ये नेऊन ठेवा, बांध आणखी दोनदा उंच केलेला दाखवा, विहीर खारट झालेली दाखवा, टँकरवाला गावात सगळ्यात वजनदार माणूस झालेला दाखवा. तुमच्या त्सुनामीच्या लाटेपेक्षा हे जास्त घाबरवेल.

आता आजी. 2070 मध्ये पंचाहत्तरीची आजी म्हणजे 1995 चा जन्म. ती आत्ता कुठंतरी नोकरी करतेय आणि लोकलमध्ये रील बघतेय. ती नातवाला जात्यावरच्या ओव्या कशाला ऐकवेल? तिला हळदीचा डीजे आठवेल आणि 3 जून 2020 आठवेल, लॉकडाऊनमधलं निसर्ग वादळ, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या, पत्रे उडालेले, कितीतरी दिवस लाइट नाही. तुमच्याकडच्या रोठा सुपारीला लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं जातात हे तुम्हाला मी काय सांगू, तेवढ्यात अजून एक वादळ आलं तर माणूस परत लावतो का नाही, यावर एक आख्खं पात्र उभं राहील. बाकी "आमच्या वेळी पाऊस कसा वेळेवर यायचा" हे तिच्या तोंडी घालू नका, तिच्या लहानपणीही लोक हेच म्हणत होते.

माहिती किती? पात्रांच्या तोंडी जवळजवळ शून्य. 2070 मध्ये जन्मापासून राहणाऱ्याला ते जग नॉर्मलच वाटणार, तो कशाला म्हणेल "तापमान दोन अंशांनी वाढल्यामुळे आज मी घरी थांबलो"? तो नुसता पहाटे तीनला कामाला निघेल, अकराला परत येईल, लग्नाचे मुहूर्त रात्रीचे असतील आणि त्याला त्यात काहीच विशेष वाटणार नाही. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलरची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी 1993 ची, घडते 2024 पासून, त्यात पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे आणि ते सांगणारी पोरगी ते बाजारभाव सांगावा तसं सांगते. एवढंच करायचं.

राहिला मित्र. कादंबरीकार अमिताव घोष यांनी 2016 मध्ये 'द ग्रेट डिरेंजमेंट' या पुस्तकात हीच तक्रार केली होती, की गंभीर साहित्य हवामानबदलाला दारातच अडवतं आणि विज्ञानकथेच्या खोलीत पाठवून देतं. माझं मत विचाराल तर लेबल प्रकाशकाला लावू दे. तुमची लाट ही विज्ञानकथाही नाही, ती सिनेमाची ट्रेलर आहे (रागावू नका), आणि भावांचं भांडण लिहिलंत तर मित्र गप्प बसेल.

प्रश्न : गावाचं नाव खरं द्यावं की काल्पनिक?

उत्तर : तालुका, खाडी, एसटीचा मार्ग खरा ठेवा, गाव काल्पनिक. खरं गाव घेतलंत तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फोन करून सांगेल की आमच्या देवळापर्यंत पाणी येऊच शकत नाही, आणि दुसरा म्हणेल की तुम्ही आमच्या जमिनीचे भाव पाडले. पण गाव काल्पनिक म्हणून भरती काल्पनिक करू नका. श्रावणातल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाणाच्या वेळी खाडीवर जाऊन उभे राहा, पाणी कुठवर येतं ते बघा, आणि तिथून पुढं किती न्यायचं ते ठरवा.