स्विफ्टला १४ इंचीऐवजी १५ इंची अलॉय घालताना टायर कोणता घ्यावा?

रिम एक इंचाने वाढला तरी टायरसकट चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहायला हवी. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्या टायरवर १६५/८० आर१४ असं लिहिलेलं असेल. १६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), अर्थात १३२ मिमी. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. त्यात वरची-खालची साइडवॉल धरून २६४ मिळवा: ६१९.६ मिमी. हाच हिशोब १८५/६५ आर१५ चा केला तर ६२१.५ येतो. दोन मिलिमीटरचासुद्धा फरक नाही! वरच्या मॉडेलला कंपनी हाच साइज देते, तो डोळे झाकून घ्या.

दुकानदार हमखास २०५/६५ सुचवतो, 'गाडी भरलेली दिसते' म्हणून. त्याची उंची ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ च्या वर असेल, पिकअप मंदावेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासायची शक्यता. मी तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही.

टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ आकड्यापेक्षा कमी नको. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. रिमचा पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (बोल्टची बैठक रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) आणि मधल्या भोकाचा व्यास पैसे देण्याआधी जुळवून बघा. आणि स्टेपनी १४ इंचीच राहिली तरी या जोडीत उंची सारखी असल्याने पंक्चरवाल्यापर्यंत निभावतं.