हार्ट फेल्युअर असताना चालायचं की पडून राहायचं?

तुमचा प्रश्न असा, की वडिलांना हार्ट फेल्युअर आहे (म्हणजे हृदय कमजोर होऊन शरीराला पुरेसं रक्त पंप करू शकत नाही), नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेत, तर त्यांना चालू द्यावं का? द्या. पूर्वी अशा रुग्णांना सक्तीने झोपवून ठेवत. त्याने हातापायांचे स्नायू गळतात आणि दम आणखी लवकर लागतो. २००९ साली 'एचएफ-अ‍ॅक्शन' या चाचणीचे निकाल आले. २,३३१ रुग्ण होते, सगळ्यांचं हृदय बऱ्यापैकी कमजोर. देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला, रोजचं जगणं थोडं सुसह्य झालं. फायदा माफक होता, चमत्कार नव्हे.

सुरुवात पाच-दहा मिनिटांच्या सावकाश चालण्याने, तीही डॉक्टरांना विचारून. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नकोच, डॉक्टरांना फोन करा.

खरं काम मात्र वजनकाट्याचं. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन घ्या आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का तेही बघा. ओपीडीत जाताना ही वही न्याच. रिपोर्टांच्या जाड फाइलपेक्षा डॉक्टर आधी तीच चाळतील. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते दाखवणारं) यांची तपासणी चुकवू नका, औषधांचा डोस त्यावरही ठरतो.