आरव्ही-७ए (व्हॅन्स कंपनीचं किटमधून बांधायचं छोटं विमान) चं पुढचं चाक टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना थरथरतं, नोज गिअर लेग (पुढच्या चाकाचा दांडा) बदलावा लागेल का?

लगेच बदलू नका, आधी फोर्कचा (चाक धरणाऱ्या दुबेळक्याचा) ब्रेकआउट फोर्स, म्हणजे तो फिरायला लागायला लागणारा जोर मोजा, शिमी (चाकाची ही थरथर) बऱ्याचदा तिथूनच येते. या विमानात तेल-हवेचा स्ट्रट नसतोच, मूळ रचनेत स्टीलचा निमुळता दांडा हाच स्प्रिंग, आणि त्यावर मोकळ्या फिरणाऱ्या फोर्कला आवरायला फक्त नटाखालचे बेलव्हिल वॉशर (बशीसारखे, स्प्रिंगचं काम करणारे). व्हॅन्सच्या मॅन्युअलमध्ये आकडा २२ पौंड दिलाय, म्हणजे साधारण १० किलो, त्यामुळे बॅगा तोलायचा हुकवाला काटा पण चालून जातो. शेपटीला वजन बांधून चाक जमिनीवरून उचला, ॲक्सलला काटा अडकवून आडवं ओढा आणि फोर्क फिरायला लागतो तेव्हाचा आकडा बघा. कमी आला तर नट थोडा आवळा, नट अडवणारी पिन नवीनच घाला (जुनी सरळ करून परत घालणारे लोक आहेत, काय बोलणार). नवे वॉशर बसत जातात तसा फोर्स उतरतो, म्हणून सुरुवातीला जरा वरचेवर तपासा. तरी थरथर राहिली तर टायरचं प्रेशर, बॅलन्स आणि ॲक्सल बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघा. दांडा वाकलेला किंवा तडा दिसला तर मात्र उडवू नका, बदलाच. आणि हा आकडा ७ए चा आहे, आरव्ही-१० वगैरेला चालणार नाही, त्यांचं मॅन्युअल वेगळं.