अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधला तो धिप्पाड सॅक्सोफोनवाला कोण होता?

क्लॅरेन्स क्लेमन्स, म्हणजे चाहत्यांचा 'बिग मॅन'. जन्म १९४२, व्हर्जिनिया. वडिलांचा मासळीचा धंदा. नाताळला पोराने मागितली खेळण्यातली रेल्वे आणि हातात पडला सॅक्सोफोन! वय नऊ. कॉलेजात तो अमेरिकन फुटबॉल खेळायचा. मोटार अपघाताने ते करिअर संपलं. मग न्यू जर्सीत मुलांच्या सुधारगृहात समुपदेशकाची नोकरी आणि रात्री क्लबांत वादन.

१९७१ मध्ये न्यू जर्सीतल्याच ॲस्बरी पार्क या शहरात स्प्रिंगस्टीनशी गाठ पडली. वादळी रात्री क्लेमन्स आत शिरला तेव्हा क्लबचं दारच उखडून उडालं, असं दोघंही सांगत. तिखटमीठ किती, ते ज्याने त्याने ठरवावं!

ऐकायचं तर स्प्रिंगस्टीनचं 'जंगललँड' (१९७५) हे गाणं आधी ऐका. त्यातल्या सॅक्सोफोनच्या सोलोवर (एकट्याने वाजवलेल्या तुकड्यावर) दोघं जवळजवळ १६ तास बसले होते. सूर मोजकेच, पण प्रत्येक सूर भरदार, छातीतून आलेला. माझ्या मते रॉकमध्ये सॅक्सोफोन इतका बोलका क्वचितच झालाय.

२०११ मध्ये पॉप गायिका लेडी गागाच्या 'द एज ऑफ ग्लोरी' या गाण्यात वाजवलं आणि त्याच जूनमध्ये पक्षाघाताने गेला. वय ६९. पुढच्या वर्षापासून त्याची जागा पुतण्या जेक सांभाळतोय.