जिप्सीच्या पुढच्या चाकांना मोठे डिस्क ब्रेक बसवावेत का?

आपण लिहिले आहे की आपली जिप्सी २००४ची आहे, तिचे २०५/७० आर १५ मापाचे टायर काढून आपण २३५/७५ आर १५ बसवले, गाडी दोन इंच उचलून घेतली, आणि आता खानापूरहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना शेवटच्या वळणांपर्यंत पेडल मऊ पडत जाते. गॅरेजवाल्यांनी पुढे मोठ्या व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क बसवायला सांगितले आहे, तर त्या बसवाव्यात का. मी बेळगावचा असून याच घाटांतून गेली सोळा वर्षे जिप्सी चालवतो. माझे मत असे की डिस्क नंतर बसवता येतील, पण आपण सांगितलेले लक्षण डिस्क लहान असल्याचे नाही.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि दोन्ही वेळा पाय वेगवेगळे सांगतो. पेडल दगडासारखे कडक राहते पण गाडी थांबत नाही, तेव्हा डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. तिथे डिस्कचा आकार आणि पॅडचा दर्जा यांचा विचार करणे रास्त आहे. पेडल मऊ होत होत खाली जाते, तेव्हा मात्र कॅलिपरमधले, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातले, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे आपल्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. आपले वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसते. ज्याला आपण सारे ब्रेक ऑइल म्हणतो, आणि ज्यात खऱ्या तेलाचा थेंबही पडता कामा नये, ते द्रव्य हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत आला तरी ते प्रमाणात बसते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस पाहिलेल्या माणसाला ही ओल कुठून येते हे वेगळे सांगायला नको.

माझ्यावरही एकदा हीच वेळ आली. श्रावणात चोर्ला उतरत असताना आधी जळका वास आला, मग पेडल फळीला टेकले, आणि मी गिअर पाडत, हँडब्रेक ओढत गाडी जांभ्याच्या दरडीला लावून उभी केली. अर्ध्या तासाने पेडल जणू काही झालेच नाही असे परत आले, आणि हीच यातली फसवी गोष्ट आहे, कारण थंड गाडी गॅरेजमध्ये नेली की तिच्यात दोष सापडत नाही. नंतर उजवे चाक उघडले तेव्हा बाहेरचा पॅड जवळजवळ नवा होता आणि आतला पॅड लोखंडापर्यंत झिजलेला होता. जिप्सीचा कॅलिपर एकाच पिस्टनचा, दोन पिनांवर सरकणारा असतो; त्यातली खालची पिन तांबड्या मातीने विटेसारखी घट्ट झाली होती, म्हणून कॅलिपर सरकत नव्हता आणि आतला पॅड डिस्कला सतत घासत राहून सगळी उष्णता पिस्टनमार्गे द्रव्यात उतरवत होता. बाटलीत काढलेले ते द्रव्य टपरीवरच्या कोऱ्या चहाच्या रंगाचे होते.

उष्णता किती निर्माण होते याचा एक साधा हिशेब देतो. गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा जितकी ऊर्जा मोकळी होते, तितक्या ऊर्जेत ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी तीच गाडी सात वेळा पूर्ण थांबवता येईल. गाडी रिकामी असो वा भरलेली, हे प्रमाण बदलत नाही. यातला काही भाग हवा आणि टायर खातात, बराच भाग इंजिन खाऊ शकते, आणि उरलेला ब्रेकला पचवावा लागतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पेडलवर पाय ठेवून उतरणारी गाडी आणि दुसऱ्या गिअरमध्ये अधूनमधून ठाम ब्रेक मारत उतरणारी गाडी यांच्या डिस्कच्या तापमानात जो फरक पडतो, तो कोणत्याही मोठ्या डिस्कने पडणाऱ्या फरकापेक्षा कमी नसतो. हे आपल्याला ठाऊक असेलच, पण माझे मलाच ते त्या दरडीपाशी पटले.

आता आपण केलेल्या बदलांकडे येतो. जुन्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, नव्याचा सुमारे ७३४, म्हणजे जवळपास दहा टक्के अधिक. तेवढ्याच पायाच्या जोरात जमिनीवरची ब्रेकची ताकद त्याच प्रमाणात घटते, शिवाय मोठ्या टायरमुळे गिअरिंग उंच झाल्याने इंजिनचा रोधही कमी मिळतो. गाडी उचलल्याचा परिणाम मात्र सहसा कोणी तपासत नाही. मागच्या अ‍ॅक्सलपाशी वजनानुसार मागच्या ड्रम ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आपल्या गाडीला असेल, तर बॉडी आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर वाढल्यामुळे तो गाडी कायम रिकामी आहे असे समजतो आणि मागचा दाब कापतो. मग सारे काम पुढच्या दोन डिस्कवर पडते आणि गॅरेजवाले म्हणतात, डिस्क लहान आहेत. त्या व्हॉल्व्हचा दांडा नव्या उंचीप्रमाणे बसवून घ्यावा, मागच्या ड्रममध्ये घासणाऱ्या लायनरचे सेटिंग करावे, आणि मगच पुढच्या ब्रेककडे वळावे.

पुढच्या चाकांत प्रथम कॅलिपरच्या पिना काढून, साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस लावावे (साध्या चेसिस ग्रीसने रबर फुगते), पिस्टनचे सील व धूळरोधक रबर बदलावे. जुना रबरी होज (कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी) आतून सुजला असेल तर दाब जातो पण परत येत नाही आणि पॅड घासत राहतो, म्हणून होजही नवे टाकावेत. नकलच्या (पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) सीलमधून तेल डिस्कवर येत नाही ना हेही त्याच वेळी पाहावे. मग सगळे जुने द्रव्य काढून डॉट ४ भरावे आणि दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरल्यावर, बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये. पॅड नामांकित कंपनीचे, उष्णतेत पकड टिकवणारे घ्यावेत. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला छान असल्या तरी चिखलात आणि मुरमात चालणाऱ्या गाडीला त्या मी तरी लावणार नाही.

एवढे करूनही पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल, किंवा आपण कायम चार माणसे आणि काजूची पोती घेऊन उतरत असाल, तर व्हेंटिलेटेड डिस्क अवश्य विचारात घ्या; तिच्यात धातू जास्त असतो, आतून हवा खेळते आणि ती लवकर निवते. मात्र कॅलिपरही मोठा येणार असेल तर हिशेब मांडूनच घ्यावा. उदाहरणादाखल पिस्टन ५१ मिलिमीटरऐवजी ५४चा झाला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, जोर तेवढा वाढतो आणि पेडलही जवळजवळ त्याच प्रमाणात खाली जाते. पेडल वर आणण्यासाठी मोठा मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) लावला की मिळालेला जोर पुन्हा जातो. पुढचा जोर फार वाढून मागचा तसाच राहिला, तर ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी लॉक होतात आणि स्टिअरिंग असून नसल्यासारखे होते.

कॅलिपर ज्यावर बसतो तो ब्रॅकेट हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. एका गॅरेजने मला पट्टी कापून, वेल्डिंग करून ब्रॅकेट बनवून दिला होता. तो जेमतेम एक मिलिमीटर तिरका होता, पण पॅड तीन महिन्यांत पाचरीसारखे झिजले. शेवटी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये अखंड जाड प्लेटमधून तो मिलिंग करून घेतला आणि हबवर डिस्क चढवून डायल गेजने तपासली. डिस्क ०.१ मिलिमीटरहून जास्त डोलत असेल तर पुढे जाऊ नये. फाउंड्री आणि मशीनिंगची इतकी कसबी माणसे गावातच असताना ब्रेकचा भाग ग्राइंडरवर घडवण्याचे काही कारण नाही. रिमच्या आत कॅलिपरला जागा मिळते का, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवल्यावर होज ताणला जात नाही ना, हेही तिथेच पाहून घ्यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

नवे पॅड कोणतेही असोत, ते बसल्यावर थेट घाट उतरू नका. मी पहाटे पिरनवाडीहून किणयेकडे जातो, मागे वाहन नाही हे पाहून ताशी ५० वरून १५ पर्यंत असे दहाएक वेळा वेग कमी करतो, मध्ये पूर्ण थांबत नाही, आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी निवू देतो. आपण चाक उघडाल तेव्हा दोन्ही बाजूंच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मोजून इथे लिहा. त्या चार आकड्यांवरून पिना अडकल्या आहेत की नाहीत हे मला बहुधा सांगता येईल.