पोलंडचा पत्ता, पेसेल आणि पत्रपेटीतली चिठ्ठी

मागच्या अंकात मी पोलंडमधल्या आमच्या सहा वर्षांबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून मुलुंडच्या पत्त्यावर आणि फोनवर प्रश्नांची रांग लागलीये. आम्ही व्रोत्सवाफला होतो. स्पेलिंग बघून आपण व्रोक्लॉ म्हणतो, पण तसं विचारलं तर स्टेशनवर कुणी तिकीट देणार नाही. मी वकील नाही, एजंट तर अजिबात नाही, जे केलं आणि जे चुकलं तेवढंच सांगतेय. फी आणि फॉर्म तिथे सारखे बदलतात त्यामुळे ते जायच्या आधी सरकारी साइटवरच बघा.

प्रश्न : ताई, मला व्रोत्सवाफला आयटीत नोकरी लागलीये, पुढच्या महिन्यात जॉइन. एचआर म्हणते पेसेल आण, बँक म्हणते पेसेल असेल तर बरं, आणि ज्याचा फ्लॅट आवडला तो मालक म्हणतो मी मेल्दुनेक देणार नाही. दुसरा एक मालक नोटरीकडे चला म्हणतो आणि पोलंडमधला अजून एक पत्ता मागतो. माझ्याकडे पोलंडमधला एकही पत्ता नाहीये, दुसरा कुठून आणू? (एक वाचक, बोरिवली)

हे सगळं एकाच धाग्यात अडकलेलं आहे. मेल्दुनेक म्हणजे तुम्ही या पत्त्यावर राहता अशी पालिकेत नोंद. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स केल्यावर मालक पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देतो ना, तसलाच प्रकार, फक्त इथे नोंद तुम्ही करायची, आणि आपल्यासारख्या युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाने पोचल्यापासून चार दिवसांच्या आत. फी नाही. आणि महिन्याभरापेक्षा जास्त मुदतीची नोंद झाली की पेसेल आपोआप पडतो.

पेसेल म्हणजे त्यांचा आधार नंबर म्हणा, अकरा आकडी. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. माझ्या मुलीचा कागद आला त्यात महिन्याच्या जागी २३ छापलेलं, मी तावातावाने खिडकीवर गेले की बाई, वर्षाला महिने बारा असतात. ती शांतपणे म्हणाली, २००० नंतर जन्मलेल्यांच्या महिन्यात २० मिळवतात, तुमची मुलगी मार्चची आहे. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि निघाले.

आता मालकाची भीती. त्याला वाटतं की एकदा नोंद झाली की भाडेकरू जन्मभर हलत नाही. आपल्याकडच्या पागडीच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला ही भीती समजते, पण तिथल्या कायद्यात ही नोंद निव्वळ नोंद आहे, तिने घरावर कसलाही हक्क येत नाही. मालकाने सही नाकारली तरी भाडेकरार घेऊन तुम्ही ऑफिसात जाऊ शकता, ते चौकशी करून निर्णय देतात, पण त्यात वेळ जातो आणि मालकाशी पहिल्याच महिन्यात वाकडं येतं, म्हणून मी तर म्हणेन करार करायच्या आधीच विचारून घ्या आणि जो नाही म्हणतो त्याचं घर सोडा, स्वयंपाकघर कितीही छान असू दे. तोवर पेसेल अडत असेल तर त्याचा वेगळा अर्ज करता येतो, फक्त कुठल्या कायद्याखाली तो लागतोय ते अर्जात लिहावं लागतं, ते वाक्य एचआरकडून लिहून घ्या.

नोटरीवाल्या कराराला नायेम ओकाझ्योनाल्नी म्हणतात. त्यात तुम्ही लिहून देता की करार संपला की मी मुकाट्याने बाहेर पडेन, आणि बाहेर पडून कुठे जाईन तो पत्ताही द्यायचा असतो, त्या घराच्या मालकाच्या संमतीसकट. नवख्या परदेशी माणसाला हे कुठून जमणार? ऑफिसातल्या कुणा पोलिश किंवा तिथे घर घेतलेल्या भारतीय सहकाऱ्याला विचारावं लागतं, आमच्यासाठी नवऱ्याच्या टीममधल्या एका माणसाने सही दिली, त्याला मी दर दिवाळीला चकल्या पाठवायचे. अजून एक, जाहिरातीत दिसतं ते भाडं पूर्ण नसतं. त्यावर चिंश, म्हणजे आपला सोसायटी मेंटेनन्स, आणि त्यावर वीज-गॅस. तिन्ही आकडे बेरीज करून मगच घासाघीस करा.

आणि आता जे तुम्ही विचारलं नाही पण मला सांगायचंच आहे. घरात शिरल्यावर पहिलं काम, खाली जिन्यापाशी पत्रपेट्या असतात त्यातल्या तुमच्या पेटीवर तुमचं आडनाव चिकटवा. आमच्या पेटीवर पहिल्या हिवाळ्यात जुन्या भाडेकरूचंच नाव होतं. पेटीत रोज पिझ्झ्याची नाहीतर फर्निचरची पत्रकं, त्यात एक पातळ छापील चिठ्ठी, वर पेनने खरडलेला नंबर. मी ती पत्रकांबरोबर रद्दीत टाकली. ती अवीझो होती. म्हणजे पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला, तुम्ही घरी नव्हता, पोस्टात येऊन घेऊन जा. पत्र चौदा दिवस पोस्टात थांबतं, आणि त्यानंतर ते परत जातं पण कायद्याने ते तुम्हाला *मिळालं* असं धरलं जातं! वाचलेलं नाही, पाहिलेलं नाही, तरी मिळालं. माझ्या पत्रात होतं की कार्ता पोबितुच्या, म्हणजे रेसिडेन्स कार्डाच्या अर्जाला इन्शुरन्सचा कागद जोडलेला नाही, सात दिवसांत आणा. सात दिवस मला न कळता सुरू झाले आणि न कळता संपले आणि अर्ज बाजूला पडला. व्हिसा अजून काही आठवडे शिल्लक होता म्हणून दुसरा अर्ज भरता आला, फी पुन्हा भरावी लागली ती लागलीच. खिडकीवरच्या बाईवर मी रडले पण खरं सांगायचं तर तिची काही चूक नव्हती, चूक माझ्या रद्दीच्या पिशवीची.

बाकी बँकेचं सोपं आहे. खातं झालं की ब्लिक चालू करा, फोनवर सहा आकडी कोड येतो, दोन मिनिटं चालतो, दुकानात तो टाइप केला की झालं. यूपीआयवाल्या माणसाला शिकवायला लागत नाही.

प्रश्न : माझं मे महिन्यात लग्न झालं, नवरा क्राकुफमध्ये असतो. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे, मॅरेज सर्टिफिकेटवर सासरचं. पासपोर्ट बदलून घेऊ का? आणि ट्रान्सलेशन इथेच फोर्टमध्ये करून घेतलं तर चालेल ना, स्वस्त पडतं. (एक नववधू, विलेपार्ले)

अगं, आधी अभिनंदन. आडनाव बदलायचं की नाही हा तुमचा दोघांचा प्रश्न, पण बदलायचं असेल तर व्हिसाच्या आधी बदल आणि मग सगळीकडे तेच ठेव, अर्धं इकडे अर्धं तिकडे नको. न बदललंस तरी त्यांना काही वाटत नाही, तिथे नवरा -स्की आणि बायको -स्का असते, आडनावाचं शेपूट वेगळं असण्याची त्यांना सवय आहे. फॉर्ममध्ये जन्माचं आडनाव, आधीचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव असे वेगवेगळे रकाने येतात, आईचं माहेरचं आत्ताच विचारून ठेव, खिडकीवर उभं राहून मामाला फोन लावायला नको.

त्यांना झेपत नाही ते आपलं मधलं नाव. पासपोर्टात तुझ्या नावाला लागून वडिलांचं नाव आहे म्हणजे त्यांच्या लेखी तुला दोन नावं आहेत आणि दुसरं पुरुषाचं. माझ्या पासपोर्टात नवऱ्याचं नाव होतं, दवाखान्यात नर्स बाहेर येऊन मोठ्याने नवऱ्याच्या नावाने हाक मारायची आणि मी उठले की परत कागदात बघायची. त्याहून गंमत नवऱ्याची. सासऱ्यांचं नाव दत्ता. पोलिशमध्ये बायकांची नावं जवळपास सगळी आ-कारान्त, त्यामुळे खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं की दत्ता हे तुमच्या आईचं नाव मधे का लिहिलंय? यावर उपाय एकच, पासपोर्टवर जसं आहे तस्सं अक्षर न अक्षर प्रत्येक कागदावर, करारावर, बँकेत, पत्रपेटीवर. समजावून सांगायला जाऊ नकोस.

ट्रान्सलेशन फोर्टमध्ये मुळीच करू नकोस, पैसे वाया. तिथे शपथ घेतलेला सरकारमान्य अनुवादक लागतो, त्याचा गोल शिक्का असतो आणि त्यांची यादी तिथल्या न्याय मंत्रालयाकडे असते. ते पानावर पैसे घेतात आणि त्यांचं पान म्हणजे ११२५ अक्षरं, मोकळ्या जागा धरून, त्यामुळे आपलं एक पानी सर्टिफिकेट त्यांच्या हिशेबात दोन पानी निघालं तर भांडू नकोस. इथून करून न्यायचं ते अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. आधी मंत्रालयातून मॅरेज सर्टिफिकेट अटेस्ट, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, आणि भाषांतर शेवटी, तिथे. आणि क्रम हाच, कारण अपोस्टिलचंही भाषांतर करावं लागतं, उलटं केलंस तर परत पैसे.

आणि नवऱ्याला आजच विचार की त्याच्याकडे कार्ड कुठलं आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारं युरोपियन कार्ड असेल तर कुटुंब म्हणून लगेच अर्ज करता येतो. साधं कामाचं कार्ड असेल तर दोन वर्षं तिथे कार्डावर राहिल्याची अट येते, मग तुझा मार्ग वेगळा. पोचलीस की त्याच्या कंपनीला सांगून हेल्थ इन्शुरन्समध्ये तुझं नाव घालून घे, बायकोचं नाव घालायला जास्तीचा हप्ता नसतो पण आपणहून कुणी घालत नाही. नाहीतर डॉक्टरकडे तुझा पेसेल टाकला की स्क्रीनवर लाल दिसतं.

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे. वळिवड्याला पोलिश लोक राहायचे हे सांगितलं तर सरकारी ऑफिसात काही फरक पडतो का हो? (परळ)

नाही हो. १९४३ पासून युद्धाच्या काळात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्याच्या छावणीत राहिले, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांच्या नावाचा चौक आहे, शेजारच्या आजीला सांगा, ती केक घेऊन येईल. खिडकीवर टोकन नंबर चालतो.

प्रश्न : मी गेल्या वर्षी रेसिडेन्स कार्डाचा अर्ज केला, पासपोर्टात लाल शिक्का मारून दिला, कार्डाचा पत्ता नाही. जुना व्हिसा संपला. डिसेंबरमध्ये दादरला धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तिकीट फ्रँकफर्टमार्गे स्वस्त मिळतंय, काढू का? (वॉर्सातून, मूळ दादर)

फ्रँकफर्टचं काढू नका, कितीही स्वस्त असलं तरी. लाल शिक्क्याचा अर्थ एवढाच की निकाल लागेपर्यंत तुम्ही पोलंडमध्ये कायदेशीर आहात. जर्मनीत त्याला किंमत नाही, विमानतळावरसुद्धा. बाहेर पडायचं तर वॉर्साहून थेट शेंगेनच्या, म्हणजे एका व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या बाहेर, दुबई, दोहा, इस्तंबूल असं काहीतरी. पण जाणं हा प्रश्नच नाही, परत येणं आहे. शिक्क्यावर परत आत घेत नाहीत, मुंबईत नवीन नॅशनल व्हिसा काढावा लागेल, आणि त्याची अपॉइंटमेंट आणि ऑफिसची रजा जुळली नाही तर लग्न बहिणीचं आणि नोकरी तुमची गेली.

आत्ता ऑगस्ट चालू आहे, हातपाय हलवायला वेळ आहे. निकालाची मुदत उलटून गेली असेल तर पोनाग्लेन्ये नावाचा तक्रारअर्ज करता येतो की माझी फाइल हलवा, त्याला वकील लागत नाही. जाणारच असाल तर मागे कुणाला तरी मुखत्यारपत्र देऊन ठेवा, १७ झ्वॉटी लागतात, म्हणजे पत्र त्यांच्याकडे जातील आणि अवीझो रद्दीत जाणार नाही. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरअखेर कार्ड हातात नसेल तर राहा तिथेच. मी माझ्या चुलतबहिणीचं लग्न पहाटे साडेचारला उठून झूमवर बघितलं, अक्षता म्हणून घरातल्या घरात बासमती टाकला. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

प्रश्न : माझी मुलगी पोझनानला असते, जानेवारीत बाळंतपण आहे. तिला तिथे तीन वर्षं झाली. मला आणि ह्यांना जायचंय. ती म्हणते आमंत्रणपत्र पाठवते. आणि सोबत काय काय नेता येईल? साजूक तूप, डिंकाचे लाडू, एप्रिलपर्यंत राहिलो तर... (एक आई, गिरगाव)

काकू, आधी आमंत्रणाचं. साधं पत्र मुलीने लिहून द्यावंच, पण तिथे सरकारी रजिस्टरमध्ये नोंदलेलं आमंत्रण असतं ते देण्यासाठी परदेशी माणसाने सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं किंवा कायमचं कार्ड हवं. तिची तीन झाली, म्हणजे ते विसरा. तुमचं आणि काकांचं पेन्शन, एफडी, पासबुकं यावरच अर्ज करा, काही अडत नाही. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा, व्हिसाची फी माणशी ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा लगेच लागा कामाला.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात तर मार्चच्या सुरुवातीला परत, एप्रिल विसरा. पहिलटकरणीची तारीख पुढे-मागे होते म्हणून मी तर म्हणेन तारखेच्या दहा-बारा दिवस आधीच पोचा, गरज तुमची नंतर जास्त आहे. बाळाचं नाव आधी ठरवून ठेवा हो. आपल्याकडे दाखल्यावर नाव मागाहून घालता येतं, तिथे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची आणि त्यातच नाव. बारसं बाराव्या दिवशी केलंत तर बरोबर बसतं, पण आत्याची वाट बघत बसू नका. बाळ तिथे जन्मलं म्हणून पोलिश होत नाही, त्याचा पासपोर्ट वॉर्साच्या आपल्या दूतावासातून काढावा लागतो.

आता सामान. तूप नाही, पेढे नाहीत, दुधाचं काहीच नाही, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. लाडूत तूप असतं, त्यामुळे डिंक, खारीक, मेथी, सुंठ न्या आणि लाडू तिथल्या लोण्याचं तूप कढवून तिथेच वळा, छान होतं, मी केलंय. ताजी फळंही कृषी खात्याच्या सर्टिफिकेटशिवाय नाहीत, काकांना सांगा पुढे कधी मे महिन्यात गेलात तरी हापूसची पेटी राहू दे. सवलत फक्त पाच फळांना आहे, केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. तेव्हा ओटीचा नारळ खुशाल गिरगावातून न्या.